बाह्यांना अस्तर नको

आधी पंखा बंद करावा लागतो.
चैत्रात, मानवतला, दुपारी दोनला
पंखा बंद करून बसणं काय असतं
ते जॉर्जेट शिवणाऱ्यालाच ठाऊक.
जरा वारं लागलं की कापड निसटतं कातरीखालून,
आंघोळीला धरलेल्या पोरासारखं.
शिवाय समोरच्या जिनिंगमधून कापूस उडत येतो,
काळ्या शिफॉनवर नेमका बसतो.
पिकतं इथं कापूस,
शिवायला येतं ते सगळं सुरतेचं.

कमरजहाँ आपांनी शिकवलं मला :
नऊ नंबरची सुई. दर सूटाला नवी.
टाचणी लावायची तर शिलाईच्या आतच,
ह्या कापडाला भोक पडलं की ते विसरत नाही.
साबुदाण्याची पातळ खळ फवारायची,
वाळली की मग खडू.
खाली कागद धरायचा, कागदासकट शिवायचं,
मग कागद फाडून घ्यायचा हळूच,
टाका न ओढता.

पहिल्यांदा मी पेपर धरला होता, आदल्या दिवशीचा.
घामानं पांढऱ्या ओढणीवर उमटलं
‘निविदा सूचना’, उलट्या अक्षरांत.
नवरीनं तशीच नेली, बोलली काही नाही.
आपा मात्र वर्षभर मला
निविदावाली म्हणायच्या.
आता बेकरीतून बटर पेपर आणते.

आणि शिलाई दोनदा.
आधी उलट्याला उलटं लावून,
कडा कातरून, पालटून, पुन्हा एकदा.
सुटके धागे मधे कोंडले जातात.
जाड कापडात आतलं कोण बघतं?
इथं आत म्हणून काही नसतंच.

महानंदाबाई मठपती आल्या लेकीला घेऊन.
साखरपुडा. जांभळं जॉर्जेट,
बाह्या मनगटापर्यंत,
आणि पिशवीत वेगळं गुंडाळलेलं
अडीच मीटर अस्तर.
“स्किन कलर हाय,” दबक्या आवाजात म्हणाल्या,
“बाह्यांना पण लावा. डबल लावा.”

माप घेताना शिवलीलानं स्वतःच बाही वर सारली.
कोड. कोपरापासून पार बोटांपर्यंत.
कडा अशा वेड्यावाकड्या
की माझ्या मनात आलं,
ह्या रेघेवरून कातर चालवायची
तर हात किती सावकाश न्यावा लागेल.

तिनं अस्तर उलगडून हातावर धरलं.
“मावशी, हे कोणत्या स्किनचं?
माझ्याकडं तर दोन हायेत.”
“काय बोलायलीस,” आई म्हणाली, “लोकं येणार हायेत.”
“त्यानं बघितलंय, आई. दोनदा.
लोकं तर बघायलाच यायलेत.
बाह्यांना अस्तर नको.”

मी टेप गळ्यात घालून उभी.
पैसे आई देणार होती.
वहीत लिहिलं : अस्तर फक्त अंगाला.
माझी वही सगळी पेन्सिलीची,
ही ओळ पेनानं लिहिली.

रात्री, जिनिंगचा आवाज थांबल्यावर, बाही घेतली.
खालून माझाच हात दिसत होता जांभळा :
सुईनं टोचलेलं बोट, नखातला खडू,
बांगडीनं पडलेला घट्टा.
दोन टाके चुकले. उसवले.
भोकं राहिली, बारीक,
खांद्याच्या मागं. तिला सांगितलं नाही.

घालून बघायला आली तेव्हा
महानंदाबाई आरशाकडं बघेनात,
बाकावर बसून रिकाम्या पिशवीची घडी घालत होत्या,
मोडत होत्या, परत घालत होत्या.
“उकडायलंय किती,” शिवलीला म्हणाली, “पंखा लावा की आता.”
लावला.
दोन्ही बाह्या उठल्या, हातांपासून सुटल्या, परत टेकल्या.
तेव्हा आई उठली.
“सूत राहिलंय इथं,” म्हणाली,
लेकीचं मनगट तोंडाशी नेलं
आणि दातानं तोडलं.
मला तरी तिथं सूत दिसलं नव्हतं.

उरलेलं अस्तर न्यायला कुणी आलं नाही.
मागच्या आठवड्यात त्याची टाचण्यांची उशी केली.
भुसा पुरला नाही.
दारात साचलेला कापूस भरला.